परराष्ट्रमंत्री साहेब, पुढच्या वेळी कैरोत बोलताना एवढं कराच

माननीय परराष्ट्रमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

2012-13 मध्ये मी नोकरीनिमित्त कैरोत होतो. 2023 च्या प्रजासत्ताक दिनाला इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सिसी प्रमुख पाहुणे म्हणून आले ना, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. इजिप्तशी बोलताना दहशतवादाचा विषय निघतो, निघायलाच हवा, पण मुस्लिम ब्रदरहूड या तिथल्या जुन्या इस्लामी संघटनेचं नाव आलं की त्या एका शब्दात सगळं गुंडाळून टाकतात, ते काही बरोबर नाही.

आमच्या बिल्डिंगचा बवाब, म्हणजे आपल्याकडचा वॉचमनच, पण जिन्याखालच्या खोलीत बायकापोरांसकट राहणारा. त्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी ब्रदरहूडचे उमेदवार मोर्सींना मत दिलं होतं. का, तर आई आजारी असताना सरकारी दवाखान्यात कुणी विचारेना आणि ब्रदरहूडवाल्यांच्या दवाखान्यात थोडक्या पैशात औषधपाणी झालं. बास, एवढंच. 1928 ला इस्माइलियात हसन अल-बन्ना नावाच्या मास्तरांनी काढलेली संघटना अशाच कामावर वाढली, 1992 च्या कैरोच्या भूकंपात सरकारच्या आधी हेच लोक मदतीला पोचले. अर्थात 1948 मध्ये पंतप्रधान नुक्राशींचा खूनही याच संघटनेच्या माणसाने केला, ते कसं विसरणार.

मग सत्ता आली. मोर्सी निवडून आले जेमतेम 51.7 टक्क्यांवर, आणि नोव्हेंबर 2012 ला स्वतःचे निर्णय कोर्टाच्याही वर ठेवून मोकळे झाले, इकडे पेट्रोलला रांगा आणि रोज लाइट जायची. लाइट गेली की लिफ्ट बंद, मग आमचा बवाब गॅसची टाकी खांद्यावर घेऊन सात मजले चढायचा, वर आला की दाराशीच बसायचा, धाप लागलेली असायची. 30 जून 2013 ला मोर्सींच्या विरोधात मोर्चा निघाला त्यात तोही होता.

लोक स्वतःहूनच दूर चालले होते साहेब! पण 3 जुलैला लष्कराने मोर्सींना उचललं आणि 14 ऑगस्टला कैरोच्या राबा चौकात मोर्सींसाठी ठाण मांडून बसलेल्यांपैकी एका दिवसात किमान 817 माणसं मारली गेली, ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेचा आकडा आहे हा. त्या रात्री बवाब टीव्हीसमोर नुसता बसून होता. मी हे मागितलं नव्हतं, एवढंच म्हणाला.

मोरोक्कोत बघा. तिथला इस्लामी पक्ष पीजेडी, 2016 ला 125 जागा, दहा वर्षं सरकारात, आणि 2021 ला सरळ 13. राजवाड्याचा हात, निवडणुकीचे बदललेले नियम, सगळं धरलं तरी शेवटी लोकांनी मतपेटीतूनच घरी बसवलं. गोळी नाही, फाशी नाही. ट्युनिशियात मात्र पुन्हा तेच, तिथला इस्लामी पक्ष एन्नाहदा, त्याच्या जागा 2011 ला 89 होत्या त्या 2019 ला 52 वर आल्याच होत्या, तरी 2023 ला त्यांचे ऐंशी पार केलेले नेते घन्नूशी यांना तुरुंगात टाकलं.

माझी मागणी साधी आहे. हिंसा करणाऱ्यांविरुद्ध इजिप्तला हवी ती साथ द्या. पण ज्यांनी हत्यार उचललं नाही आणि जे नुसते मताखातर आत आहेत त्यांच्या खटल्यांबद्दल बंद दाराआड का होईना, एकदा विचारा. मोर्सी 17 जून 2019 ला भर कोर्टात कोसळून गेले, बाकीचे अजून आतच आहेत.

आपला,
कैरोत राहून आलेला एक पुणेकर