चौथ्या मजल्यावरच्या पॅसेजमधला फ्रिज आणि त्यातली झुरळं (तिसरं पत्र)

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
मुलुंड (पूर्व), मुंबई

महोदय,

याच विषयावरची पहिली दोन पत्रं सचिवांच्या हातात देऊन पोच घेतली होती. उत्तर आलं नाही, म्हणून आता थेट तुम्हाला लिहितोय.

४०२ वाल्यांनी स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा 'चार दिवसांसाठी' म्हणून फ्रिज पॅसेजमध्ये आणला. ही गणपतीच्या आधीची गोष्ट. आता होळीही होऊन गेली. घरात नवीन फ्रिज आला, तरी जुना बाहेरच चालू आहे, पाण्याच्या बाटल्यांसाठी. त्याची वायर दाराखालून आलेली आहे.

फ्रिजच्या मागे, खाली कॉम्प्रेसरपाशी ट्रे असतो. आतलं बर्फ वितळलं की पाणी तिथे साठतं. झुरळांना ऊब, अंधार आणि पाणी एकाच जागी. मी बॅटरी मारून पाहिलं. ट्रेच्या कडेला तपकिरी कोश पडलेले होते आणि उजेड पडताच तिळाएवढी पिल्लं वायरींच्या जुडग्यात पळाली. एकेका कोशातून तीस-चाळीस पिल्लं निघतात, महोदय.

सचिव म्हणतात, झुरळं चेंबरमधून येतात. चेंबरमधली मोठी आणि लालसर असतात. ही बारीक, फिकट तपकिरी, मानेमागे दोन काळे पट्टे असलेली जर्मन झुरळं आहेत. चेंबरमध्ये कितीही औषध मारलं तरी ही जाणार नाहीत. गेल्या महिन्यात फ्रिजच्या वरचा इंटरनेटचा डबा बंद पडला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने झाकण काढलं तर भराभरा झुरळं खाली पडली. आत कार्डवर मिरपूड सांडावी तशी त्यांची घाण. त्या दिवशी माझ्या मुलीची ऑनलाइन परीक्षा होती.

४०२ च्या वहिनींशी मी शांतपणे बोललो. 'तुमच्याच घरातून येत असतील,' म्हणाल्या. आम्ही स्वखर्चाने दोनदा जेल लावून घेतलंय. ४०१ च्या काकू भिडस्त आहेत, पत्रावर सही करणार नाहीत, पण जिन्यात भेटल्या की हेच बोलतात. अख्खा मजला माझ्या बाजूने आहे.

पॅसेज सर्वांच्या वाटेचा, तिथे खाजगी सामान ठेवायचं नाही, हे आपल्याच उपविधीत आहे. आग लागली तर आम्ही याच वाटेने उतरणार. यावर सचिवांनी माझ्या चपलांच्या कपाटाचा विषय काढला. ते भिंतीला लागून आहे, त्यात वायर नाही, पाणी नाही. त्याचा इथे काय संबंध?

आठ दिवसांत फ्रिज ई-कचऱ्यात द्यायला लावा आणि मजल्याच्या पेस्ट कंट्रोलचा खर्च ४०२ च्या बिलात लावा. नाहीतर जेलचे पैसे मी पुढच्या मेंटेनन्समधून वजा करून चेक देईन. दोन्ही पावत्या सोबत जोडल्या आहेत.

आपला,
सभासद, सदनिका क्र. ४०३