काका, तुमचं भिंग माझ्याकडेच राहिलंय

काका, सा. न.

व्हॉट्सॲपवर हात जोडलेला इमोजी टाकला होता, पण तेवढ्याने माझं समाधान होईना, म्हणून आज निवांत बसून लिहितेय. आणि चारचौघांना वाचता येईल असंच लिहितेय, कारण तुम्ही सहा महिने ॲडलेडला मुलाकडे राहून सांगलीला परत गेलात पण त्यातल्या किती दुपारी आमच्या डायनिंग टेबलपाशी बसून काढल्यात हे तुमच्या घरच्यांशिवाय कुणालाच माहीत नाही.

मंडळाच्या गणपतीत आपली ओळख झाली. मी बोलता बोलता म्हटलं की माझ्या सासूबाईंकडे जुना अल्बम आहे, चामड्याचा, पितळी कडीचा, आणि तुम्ही मोदकाची प्लेट खाली ठेवून विचारलंत, "फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेत का?" तिथून सुरू झालं सगळं.

अल्बममध्ये अडतीस फोटो आणि एकावरही नाव नाही. सासूबाई सत्त्याऐंशीच्या, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून त्यांचे पूर्वज इथे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बर्रा गावच्या तांब्याच्या खाणीत काम करायला आले एवढं त्यांना पक्कं माहिती, पण कोण कुठला हे सांगणारं कुणी उरलेलं नाही, आणि त्यांचंही आता विसरणं वाढलंय. म्हणून मला घाई झाली होती. त्या घाईत मी किचनमधल्या सुरीने एक फोटो बाहेर काढायला गेले आणि पानाची खाच कोपऱ्यापर्यंत टरकन फाटली. तुम्हाला ते पान दाखवताना मला रडू येत होतं काका. तुम्ही काही बोलला नाहीत, दुसऱ्या दिवशी जुन्या एक्सरे फिल्मची बोटभर पट्टी कापून घेऊन आलात, ती खाचेतून फोटोच्या मागे हळूच सरकवलीत आणि फोटो आपोआप वर आला. तेव्हाच मला कळलं की हा माणूस आयुष्यभर फोटोंचंच काम करत आलाय.

मग एकेक फोटो. त्या तळहातात मावणाऱ्या कार्डांना कार्ट द व्हिझिट म्हणतात आणि पॅरिसच्या डिस्देरीने 1854 मध्ये त्याचं पेटंट घेतलं हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि तुम्ही सांगणं वेगळं. कागदाला अंड्यातला पांढरा भाग लावायचा, मग चांदीच्या क्षारात बुडवायचा, वर काचेची निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचा, म्हणून उजळ जागा अशा पिवळट पडतात. चौकोनी कोपरे आणि पातळ कार्ड म्हणजे साधारण 1860 चं दशक, गोल कोपरे त्यानंतरचे, सोनेरी कड आणि जाड पुठ्ठा म्हणजे अजून पुढचे. तुम्ही बोटाने कड चाचपून सांगत होतात आणि मी वहीत उतरवत होते.

आणि ती खुर्चीत बसलेली बाई! घरात सगळे म्हणायचे की ही विधवा, कारण ड्रेस काळाकुट्ट. तुम्ही भिंग लावून पाच मिनिटं बघत बसलात, मग म्हणालात, काळा असेलच असं नाही, त्या काळच्या काचेला निळा रंग पांढरा दिसायचा आणि लाल-पिवळा काळा, कदाचित ही बाई लालभडक नाहीतर मोहरीच्या रंगाच्या कपड्यात बसली असेल. शिवाय कापड बघ, चमकतंय, दुखवट्याचं कापड मुद्दाम बिनचमकेचं असायचं, आणि गळ्याला पांढरी लेस आहे. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या कितीतरी वेळ फोटो हातात धरून बसल्या. इतकी वर्षं त्या ज्या बाईकडे दुःखी म्हणून बघत होत्या, ती कदाचित नवीन रेशमी ड्रेस घालून हौसेने फोटो काढायला आली होती.

नंतर तुम्ही जे म्हणालात ते मी रोज आठवते. "चेहरा बघू नकोस, हात बघ. चेहऱ्याला टचिंग होतं, हाताला कोण करतंय?" तुम्ही स्वतः किती वर्षं निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग केलंय, त्यामुळे तुम्हाला ते दिसलं. कपाळावर, गालावर सगळं गुळगुळीत, आणि मांडीवर ठेवलेल्या हातांची बोटं सुजलेली, अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. मागे रंगवलेला पडदा, त्यात दगडी कठडा आणि बाग. आणि बर्रामध्ये 1851 साली जवळपास 1800 माणसं नदीच्या काठात बिळं कोरून राहत होती, पूर आला की घर वाहून जायचं! हिचे आईवडील त्यातलेच असू शकतात. तो पडदा खोटा आहे असं मला आता वाटत नाही, तिला मुलाबाळांना जे दाखवायचं होतं ते त्या पडद्यावर होतं.

तारखेचंही तुम्हीच सोडवलंत. मागे ड्युरीया यांच्या स्टुडिओचा छाप, किंग विल्यम स्ट्रीट. टाउनसेंड ड्युरीया म्हणजे अमेरिकेहून आलेले, 1855 पासून ॲडलेडमध्ये, गावातला मोठा स्टुडिओ. छापात ड्यूक ऑफ एडिनबराचं, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या मुलाचं, नाव आहे, ड्यूक इथे 1867 मध्ये आले, म्हणजे फोटो त्यानंतरचा. बर्रापर्यंत रेल्वे 1870 मध्ये पोचली, त्यामुळे खाणीवरच्या बाईला 160 किलोमीटर येणं तेव्हा सोपं झालं असणार, हा मात्र आपला अंदाज. आणि मग ती लहान मुलगी असलेला दुसरा फोटो, तीच खुर्ची, तोच गालिचा, मुलीच्या बुटांमागे, डोकं हलू नये म्हणून धरायच्या लोखंडी स्टँडचा पाय दिसतोय (तुमच्या बाबांच्या स्टुडिओत असा एक होता म्हणालात, त्याला तुम्ही छत्र्या अडकवायचात), आणि मागे पेन्सिलने लिहिलेला नंबर बाईच्या फोटोच्या लगेच पुढचा. एका दिवशी, एकापाठोपाठ काढलेले फोटो! आमच्याकडे ते कायम दोन वेगवेगळ्या पानांवर होते. मुलीच्या वयावरून सासूबाई म्हणतात ही त्यांची आजी, म्हणजे खुर्चीतली त्यांची पणजी.

एक दुपार मला विसरता येत नाही. मी तुम्हाला वाचून दाखवलं की 18 एप्रिल 1875 ला ड्युरीयांचा स्टुडिओ जळाला, पन्नासेक हजार निगेटिव्ह गेल्या, आणि तुम्ही चष्मा काढून खिडकीबाहेर बघत बसलात. मला वाटलं दमलात. मग सांगितलंत, 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा खालच्या तीन फळ्या गेल्या, लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, सगळ्याचा चिखल. लोक अजूनही कॉपी मागायला येतात आणि तुम्हाला नाही म्हणावं लागतं. त्यानंतर मी आमच्या अल्बमकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. निगेटिव्ह जळून गेल्यात, तेव्हा हे कार्ड हीच त्या दिवसाची उरलेली एकमेव खूण असू शकते.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचेत. इथे पायोनियर, म्हणजे पहिल्यांदा येऊन वसलेले, हा शब्द खूप अभिमानाने घेतात, आमच्याही घरी. तुम्ही अगदी साधेपणाने विचारलंत, "यांच्या आधी तिथे कोण राहायचं?" बर्राचा तो भाग न्गाड्जुरी या तिथल्या मूळनिवासी लोकांचा. अल्बममध्ये त्यांचा एकही फोटो नाही. माझ्या मुलाला मी आता दोन्ही सांगते, आजीच्या पणजीचे हात आणि ती जमीन कुणाची होती ते.

तुम्ही सांगितलं तसं नावं मऊ पेन्सिलने वेगळ्या कागदावर लिहिलीत, फोटोच्या मागे नाही. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह. अडतीसपैकी अकरा लागलेत. अल्बम आता पुठ्ठ्याच्या पेटीत, उन्हापासून लांब, कपाटात मधल्या खणात आहे. सासूबाई दर रविवारी तो मागतात आणि तुमच्या भिंगाने त्या हातांकडे बघतात, परवा म्हणाल्या माझ्या आईचाही अंगठा असाच होता.

भिंग पोस्टाने पाठवणार नाही, फुटलं तर? जानेवारीत आम्ही येतोय, तेव्हा घेऊन येते. तुमच्या माळ्यावर बाबांच्या काचांच्या ज्या चार पेट्या आहेत त्या तोवर खाली काढू नका, जिना चढू नका, मी आणि नवरा मिळून काढू. एक्सरेची पट्टीपण आणतेय.

तुमची,
ॲडलेडची सून