पाहुणे होणेही शिकायला हवे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

यंदा नवरात्रात आमच्या ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांनी, पुण्यातच तीन दिवसांचे साधना शिबिर घेतले. विषय नेहमीसारखा प्रार्थना किंवा कुटुंबजीवन नव्हता, तर अन्य धर्मीयांशी मैत्री हा होता. त्या तीन दिवसांत माझ्या मनात जे पक्के झाले, ते मंडळीपुरते न ठेवता शहरातील ख्रिस्ती आणि ख्रिस्तेतर अशा दोन्ही वाचकांपुढे मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहिला दिवस आम्ही हिंदू, मुस्लिम, जैन आणि बौद्ध शेजाऱ्यांविषयी बोलण्यात घालवला. व्याख्याने चांगली झाली, टिपणेही भरपूर निघाली. पण ज्यांच्याविषयी आम्ही बोलत होतो, त्यांच्यापैकी एकही जण त्या सभागृहात नव्हता. रात्रीच्या प्रार्थनेनंतर आमचे एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले. ते म्हणाले, की एकाच इमारतीत राहून त्यांना २२ वर्षे झाली. दर नाताळला त्यांच्याकडून करंज्या आणि केकचे ताट समोर जाते, दर दिवाळीला समोरून चकली-चिवड्याचे ताट येते, कोणतेही ताट कधी रिकामे परत गेलेले नाही, आणि तरीही त्या घरात अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या खोलीपर्यंत ते एकदाही गेलेले नाहीत. त्यांना कोणी अडवले नव्हते. बोलावल्याशिवाय कसे जायचे, एवढाच संकोच होता.

दुसऱ्या दिवशी शेजारपाजारच्या मंडळींना सकाळच्या नाश्त्याला बोलावले होते आणि तिथे आमची मोठी चूक झाली. कांदेपोहे तयार होते. पण आलेल्यांपैकी तिघींचे नवरात्राचे उपास होते आणि एक जैन गृहस्थ कांदा खात नव्हते. मैत्रीवर दिवसभर बोललेल्या आम्हा लोकांना पाहुणे काय खातात, हे आधी विचारायचे सुचले नव्हते. आम्ही ओशाळून उभे असताना त्या तिघींपैकी एक बाई सरळ स्वयंपाकघरात आल्या, भगर आणायला सांगितली, ती स्वतः धुतली आणि आमच्या मिक्सरमध्ये दाण्याचे कूट करून आमटीला घेतले. फोडणीसाठी माझा हात सवयीने मिसळणाच्या डब्याकडे गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "हळद-मोहरी नको, जिरे चालेल." मग आम्हा सर्वांनाच त्यांनी वाढले. त्यानंतर जे बोलणे झाले, तसे आदल्या दिवशीच्या एकाही सत्रात झाले नव्हते, कारण आता आमच्याच घरात आम्ही पाहुणे झालो होतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील प्रसंग मला त्या वेळी नव्याने कळला. यहुदी आणि शोमरोनी यांचा परस्परांशी व्यवहार नसताना, दमलेला येशू विहिरीपाशी बसून एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. तो आधी काही देत नाही, मागतो. आम्हा ख्रिस्ती लोकांना शाळा, दवाखाने, सेवाकार्य यांमुळे देण्याची सवय आहे. मागायला मात्र आम्ही कचरतो, आणि जो कधीच काही मागत नाही, त्याच्याशी मैत्री तरी कशी व्हावी?

आमच्या एका पाहुण्यांनी थेट विचारले, "आम्हाला नेमके कशासाठी बोलावले?" हा प्रश्न मला अजिबात खटकला नाही. पुण्याला तो जुना आहे. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित पुणेकरांपुढे चहा-बिस्किटे आली, मग त्यांची नावे 'पुणे वैभव' या वृत्तपत्रात छापली गेली, ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभे राहिले आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यावरही प्रायश्चित्ताची वेळ आली. आज चहासाठी कोणी वाळीत टाकत नाही, पण त्या कपामागे धर्मांतराचा हेतू असेल काय, ही शंका अजून गेलेली नाही. ती दूर करण्याची जबाबदारी प्रथम आमची आहे. आमची श्रद्धा आम्ही लपवावी, असे मी म्हणत नाही. कोणी विचारले तर मनापासून सांगावे. परंतु मैत्रीसाठी म्हणून बोलावलेल्या माणसाच्या हाती पत्रके ठेवणे हा त्याचा विश्वासघात आहे, आणि तसे काही होणार नाही, हे निमंत्रणातच स्वच्छ शब्दांत लिहिलेले असावे.

याच मातीतले, ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे म्हटले होते. शेवटच्या संध्याकाळी आम्ही त्यांचे अभंग गात होतो, तेव्हा दर वर्षी वारीला जाणाऱ्या एका आजोबांनी शेजारच्याकडून टाळ मागून घेतले. शब्द त्यांना नवे होते, छंद मात्र पाठ होता. दुसऱ्या कडव्यापासून आमची लय त्यांनीच सांभाळली.

म्हणून शहरातील मंडळ्यांना माझी विनंती आहे, की या विषयावरचे शिबिर पाचगणी-लोणावळ्याला नेऊ नये. निवांतपणा तिथे अधिक मिळेल हे खरे, पण शेजारी तिथे येऊ शकणार नाहीत. तीनपैकी निदान एक दिवस आपण दुसऱ्यांच्या दारी जाण्यासाठी राखून ठेवावा, आणि त्या दिवशी व्याख्यान ठेवू नये.

इतर वाचकांनाही एक विनंती आहे. फराळाचे ताट पाठवता, तसे आम्हाला कोजागरीच्या दुधाला, ईदच्या जेवणाला, बुद्धपौर्णिमेला विहारात बोलवा. तिथे कसे बसायचे, काय करायचे, काय टाळायचे, हे आम्हाला ठाऊक नसेल तर सांगा. आम्ही येऊ.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे