सूचना : सहा वर्षांखालील मुलांच्या पालकांसाठी

सर्व सभासद पालकांना नमस्कार.

‘दुधाचे दात काय, पडणारच आहेत’ असं म्हणून कीड अंगावर काढू नका. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर मूल त्यांनीच चावणार. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ‘दात दुखतोय’ असं नेमकं सांगता येत नाही. ते एकाच बाजूने चावतं, घास गालात धरून बसतं, थंड पाणी नको म्हणतं, रात्री रडत उठतं. आपण त्याला हट्टी ठरवतो! झोप मोडली की दिवसभर चिडचिड, जेवण कमी, आणि घरातल्यांचंही जागरण.

वरचा ओठ उचलून उजेडात बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते. याच टप्प्यावर ती थोपवता येते. तपकिरी होईपर्यंत थांबू नका.

दूध किंवा गोड पेयाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि गोडवा दातांवरून धुतला न जाता तसाच राहतो. पहिला दात आला की ब्रश सुरू, दिवसातून दोनदा. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. पहिली दंततपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत करून घ्यावी.