अण्णा, इथे क्लीनर नसतो

थंडर बे, ऑन्टारिओ, कॅनडा
जानेवारीचा तिसरा आठवडा

ती. अण्णा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर अण्णा, तुम्ही विचारलंत की बर्फात एवढी मोठी गाडी चालवतोस कशी, आणि तेवढ्यात रेंज गेली. सुपीरियर सरोवराच्या वरच्या अंगाला, वावापासून मॅराथनपर्यंत, लांबलांब फोन लागतच नाही. आज वादळामुळे हायवे १७ बंद केलाय. ट्रक स्टॉपवर गाड्या खच्चून उभ्या आहेत आणि कुणालाच कुठे जाता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आईला वाचून दाखवा, पण मधला अपघाताचा भाग गाळा.

बर्फाचं नंतर सांगतो, कारण नव्या ड्रायव्हरचं पहिलं नुकसान बर्फात होत नाही. ते होतं गोदामाच्या यार्डात, माणसाच्या चालीने गाडी मागे घेताना. माझा ट्रेलर ५३ फुटी, पुढचा ट्रॅक्टर, म्हणजे इंजिन-केबिनचा भाग, धरून सगळी लांबी सत्तर फुटांच्या आसपास. म्हणजे तुमच्या एसटीच्या जवळजवळ दुप्पट, आणि वर मधे सांधा. बैलगाडी दांडी धरून मागे रेटताना दांडी डावीकडे ढकलली की गाडी उजवीकडे जाते ना, तसंच स्टिअरिंग उलटं फिरवायचं. हे आठवड्याभरात हाताला कळतं. कळत नाही ते आरशात न दिसणारं. इथे आपण डावीकडे बसतो, त्यामुळे ट्रेलर उजवीकडे वळवत मागे घेतला की उजव्या आरशात नुसता ट्रेलरचा पत्राच दिसतो. मागे खांब आहे, कुणाची कार आहे की माणूस, काही पत्ता नाही.

आपल्याकडे अशा वेळी क्लीनर मागे उभा राहून पत्र्यावर थाप मारतो, "येऊ दे, येऊ दे, बस्स!" इथे क्लीनर नसतो. मीच ड्रायव्हर आणि मीच क्लीनर. म्हणून पार्किंग ब्रेक ओढायचा, खाली उतरायचं, मागे चालत जायचं, वर तारा बघायच्या, खाली बर्फाचा ढीग बघायचा, परत चढायचं, दहा फूट मागे घ्यायचं, पुन्हा उतरायचं. उणे वीसमध्ये हे करताना जीव नको होतो. त्यात बाजूला दोन गाड्या खोळंबलेल्या असतात आणि फोर्कलिफ्टवाला हाताची घडी घालून बघत असतो. नव्या माणसाला घाई होते ती इथे, लाजेपोटी. मला ज्यांनी शिकवलं ते पाजी जालंधरचे, दाढी पांढरी झालेली. ते म्हणायचे, "हसू दे लोकांना. हसण्याचा क्लेम इन्शुरन्सकडे जात नाही."

दुसरी जागा ट्रेलर जोडण्याची. ट्रॅक्टरच्या पाठीवर एक जाड लोखंडी ताट असतं, फिफ्थ व्हील. ट्रेलरखालचा किंगपिन त्याच्या खाचेत शिरला की जबडा मिटतो. ट्रेलर जरा उंच उभा असेल तर पिन जबड्याच्या वरून निघून जातो. 'खट्' आवाज येतो, हलकं ओढून बघितलं तरी कधी कधी ट्रेलर मागोमाग येतो, आणि पहिल्या वळणावर सगळं धूड खाली बसतं. म्हणून ओढून बघायचंच, पण त्यावर विसंबायचं नाही. बॅटरी घेऊन खाली वाकायचं आणि जबडा पिनच्या मागून मिटलाय का, वरचं ट्रेलरचं ताट आणि खालचं आपलं ताट यांत फट राहिलीय का, हे डोळ्यांनी बघायचं. मी पॅन्ट ग्रीसने भरल्याशिवाय यार्ड सोडत नाही. आई, तू म्हणशील कपडे धुतो कोण. मशीन आहे.

सकाळची तपासणी इथे कायद्याने बंधनकारक आहे. दिवे, टायर, ब्रेक, ब्रेकच्या हवेचा दाब. हवा ६० पीएसआयच्या खाली जाण्याआधीच बझर वाजलाच पाहिजे. अण्णा, तुम्ही डेपोतून निघताना टायरवर लोखंडी टॉमी मारून आवाज ऐकायचात, ते इथेही बघितलं. एक गोष्ट मला नवी होती: चाक काढून बसवलं की ८० ते १६० किलोमीटर गेल्यावर थांबून नट पुन्हा आवळायचे. सुटलेलं चाक समोरच्या कारवर जातं.

आता बर्फ. पांढऱ्या बर्फाची भीती नाही, तो दिसतो. भीती आहे ती डांबरावरच्या पातळ, न दिसणाऱ्या थराची. आणि तो कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्याच्या आसपास जास्त फसवतो. पाजींनी दाखवलेली खूण अशी: रस्ता ओला दिसतोय आणि पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडतंय तोवर ठीक. रस्ता तसाच ओला दिसतोय पण पाणी उडायचं थांबलं, की समजायचं ते पाणी राहिलेलं नाही. मग पाय हळूच काढायचा. क्रूझ, म्हणजे आपोआप वेग धरून ठेवणारी सोय, बंद, इंजिन ब्रेकही बंद. घाटात आपण ज्यावर भरवसा ठेवतो तोच इंजिन ब्रेक इथे मागची चाकं अडवतो आणि ट्रेलर बाजूने पुढे यायला बघतो. रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा लवकर घसरते, हेही लक्षात ठेवावं लागतं.

बाकी सगळा खेळ अंतराचा. इथे हिशोब सेकंदात शिकवतात: गाडीच्या दर दहा फुटांना एक सेकंद आणि हायवेच्या वेगाला वर एक. म्हणजे माझे आठ. ऑन्टारिओत ट्रकचा वेग ताशी १०५ किलोमीटरला बांधलेला असतो. त्या वेगाला आठ सेकंद म्हणजे सव्वादोनशे मीटरहून जास्त. एवढी मोकळी जागा दिसली की कुणीतरी कारवाला त्यात घुसतोच. मग पुन्हा मागे राहायचं. सुरुवातीला राग यायचा. आता वाटतं, दिवसभरात वीस जण घुसले तर माझी किती मिनिटं गेली?

हा भाग आईला वाचू नका. ६ एप्रिल २०१८ ला सस्कॅचवान प्रांतात एका फाट्यावर एक ट्रक थांब्याची पाटी ओलांडून आडवा आला आणि हम्बोल्टच्या पोरांच्या हॉकी संघाची बस त्याच्यावर आदळली. १६ जण गेले, १३ जखमी झाले. हवा स्वच्छ होती. ड्रायव्हर भारतातून आलेला तरुण, दारू प्यायलेला नाही, फोनवर नाही. एकट्याने चालवायला लागून फार दिवस झाले नव्हते. मागच्या ट्रेलरवरची ताडपत्री फडफडत होती आणि त्याचं लक्ष आरशात होतं. फाटा येतोय हे सांगणाऱ्या पाट्या होत्या, खुद्द थांब्याच्या पाटीवर लुकलुकता दिवा होता. त्याने गुन्हा कबूल केला, आठ वर्षांची शिक्षा झाली. अपघाताच्या पुढच्या वर्षी सस्कॅचवानने नव्या ट्रकवाल्यांना सक्तीचं प्रशिक्षण लावलं. ऑन्टारिओत ते २०१७ पासूनच आहे, कमीत कमी १०३.५ तासांचं. मला त्या ताडपत्रीचं फार वाटतं. मागे काही वाजतंय, फडफडतंय असं वाटलं की मी आता जागा बघून गाडी उभी करतो. आरशात बघत निदान करत बसत नाही.

थांबण्याला आडवा येतो तो पैसा. पगार मैलावर आहे, गाडी उभी तर कमाई उभी. शिवाय इंजिनाला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक लॉग प्रत्येक मिनिट मोजतं: दिवसाला १३ तास चालवणं, सगळं काम धरून १४. नियम झोपेसाठी आहे आणि चांगलाच आहे, पण शेवटच्या तासात तोच माणसाला पळवतो, कारण संध्याकाळनंतर ट्रक स्टॉपवर जागा मिळत नाही. मी चार-साडेचारलाच जागा पकडतो आणि पहाटे निघतो. परवा डिस्पॅचरचा, म्हणजे कंपनीतून गाड्या सोडणाऱ्याचा, फोन आला, "बाकीचे निघाले, तू का थांबलास?" मी म्हटलं, बाकीच्यांना विचारा ते का निघाले. थकलेल्या माणसाला गाडी चालवायला लावणं इथे कंपनीलाही कायद्याने मना आहे. हे वाक्य इंग्रजीत पाठ करून ठेवलंय. फोन ठेवताना तो चिडलेला होता, पण लोड दुसऱ्या दिवशी पोचला आणि विषय संपला.

मामांच्या धाकट्याला सांगा, आपल्याकडचं हेवी लायसन्स आहे म्हणून इथे थेट ट्रक देत नाहीत. आधी कारचं पूर्ण लायसन्स, मग ट्रकचं. आणि स्वस्तातली शाळा धरू नकोस म्हणावं. तास कागदावर भरून देणारे आहेत, पण उलटं घ्यायला कागद उपयोगी पडत नाही.

अण्णा, एक विचारायचंय. मार्चमध्ये मला ब्रिटिश कोलंबियाला पाठवायचं घाटतंय. तिथे कोकिहाला म्हणून हायवे आहे, आठ टक्क्यांपर्यंतचे उतार, हिवाळ्यात चाकांच्या साखळ्या सोबत ठेवाव्याच लागतात. तुम्ही कराड-चिपळूण इतकी वर्षं केलंत. कुंभार्ली उतरताना ब्रेक तापायला लागले हे वास यायच्या आधी पायाला कसं कळायचं? पाजी म्हणतात पॅडल खोल जायला लागतं, पण ते सपाटीवरचे. तुम्ही नीट आठवून ठेवा, रविवारी फोन करतो.

मोटारीच्या दुरुस्तीचे पैसे पाठवलेत, बँकेत बघा. आईने गुडघ्याचा एक्सरे काढला का?

कळावे, लोभ असावा.
तुमचा
धाकटा