टॅटूबद्दल विचारलंस म्हणून

प्रिय लेकी,

मला टॅटू आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना आईच्या मनात नक्की काय आहे याचा अंदाज बांधत बसायला नको. त्यामागे फार मोठं तत्त्व नाही. मला मोकळी त्वचा सुंदर वाटते, तिच्यावरचे तीळ, शिरा, लहानपणी पडून झालेल्या खुणा सुंदर वाटतात. त्यावर शाईने काही काढावं असं मला कधीच वाटलं नाही. पण ही माझी आवड झाली, तुझ्या हातासाठीचा नियम नव्हे. तू परवानगी मागितली नाहीस, मत विचारलंस, हे मला बरं वाटलं. तेव्हा सविस्तर लिहिते.

आजीच्या अक्षरातलं "पोचल्यावर कळव" तुला हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर गोंदवून घ्यायचंय. तुझी आजी म्हणजे माझी आई. तिचं ते जरा उजवीकडे झुकणारं अक्षर मी शाळेच्या वह्यांवरच्या नावापासून ओळखते. त्यामुळे या एका बाबतीत माझी नावड आणि माझी माया एकमेकींच्या आड येतात, आणि मला तटस्थ राहता येत नाही. मी तसा आवही आणणार नाही.

आता "लोक काय म्हणतील" याबद्दल. हा प्रश्न तुझ्या वयाच्या मुलांना नुसता ऐकूनही राग येतो, आणि तो राग मला समजतो. पण मी तो बाजूला टाकणार नाही, कारण लोक खरोखरच म्हणतात आणि त्याचे परिणाम म्हणणाऱ्यावर नाही, तुझ्यावर होतात. फक्त लोकांचं म्हणणं किती लवकर पालटतं हेही बघ. जपानमध्ये एकेकाळी गुन्हेगारांच्या अंगावर शिक्षा म्हणून खुणा गोंदवत असत, आणि त्याच देशात पाठभर चित्रं गोंदवण्याची कला अतिशय उंचीला पोचली. पुढे १८७२ मध्ये सरकारने गोंदण्यावर बंदी घातली. पाश्चात्त्य देशांना आपण मागासलेले दिसू ही धास्ती त्यामागे होती. आणि १८८१ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र, जो पुढे पाचवा जॉर्ज म्हणून राजा झाला, जपानला गेला आणि हातावर ड्रॅगन गोंदवून परत आला. त्याच्या वडिलांनीही तरुणपणी, १८६२ मध्ये, जेरुसलेमला क्रूस गोंदवून घेतला होता. ज्यांच्या नजरेला घाबरून एका देशाने आपली कला बेकायदा ठरवली, त्यांच्याच राजघराण्यातली माणसं ती हौसेने अंगावर मिरवत होती. ती बंदी उठली १९४८ मध्ये. आजही तिथल्या अनेक सार्वजनिक स्नानगृहांत आणि पोहण्याच्या तलावांत टॅटू असलेल्या माणसाला आत घेत नाहीत, कारण मनात अजून अंगभर गोंदवणाऱ्या गुन्हेगारी टोळ्यांची आठवण आहे. कायदा बदलून इतकी वर्षं झाली, तरी मनं तिथेच आहेत.

उलट न्यूझीलंड घे. तिथल्या मूळनिवासी माओरी स्त्रियांमध्ये हनुवटीवर गोंदवलेली नक्षी ही कुळाची, वंशाची ओळख असते. ननाया महुता यांच्या हनुवटीवर ती आहे, आणि २०२० मध्ये त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. जगभरच्या नेत्यांशी त्या तोच चेहरा घेऊन बोलल्या. त्याच्या एक वर्ष आधी तिथल्या राष्ट्रीय विमान कंपनीने कर्मचाऱ्यांना अंगावर उघड दिसणारे टॅटू ठेवायला परवानगी दिली होती. म्हणजे त्याआधी, ज्या मातीतली ती परंपरा, तिथल्याच विमानात ती झाकावी लागत होती!

हे सगळं लिहिण्याचं कारण असं की नजर कुणाची यावर सगळं ठरतं, आणि ती नजर तुझ्या हातात नाही. म्हणून लोकांना आवडेल म्हणून टॅटू करू नकोस आणि लोकांना आवडणार नाही म्हणून सोडूही नकोस. दोन्हींत हात तुझा आणि निर्णय त्यांचा, असं होतं.

एक गोष्ट मात्र मला मनापासून चीड आणते, ती इथेच लिहिते. मुलाच्या दंडावर टॅटू दिसला की लोक त्याला हौशी म्हणतात, फार तर वाया गेलेला म्हणतात. मुलीच्या अंगावर दिसला की थेट तिच्या चारित्र्यावर बोलतात, ती कुठे जाते, कुणाबरोबर असते, घरात वळण लावलं की नाही इथपर्यंत जातात. चार शब्दांच्या शाईवरून माणसाचं शील मोजायचं, तेही फक्त बाईचं, हे मला मान्य नाही. तुझ्याबद्दल कुणी माझ्यासमोर असं बोललं तर मी गप्प बसणार नाही. मला टॅटू आवडत नाहीत हे खरं, पण म्हणून मी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहीन असं समजू नकोस.

आता तुझ्या कामाबद्दल. तू फिजिओथेरपिस्ट होणार आहेस. तुझे हात हेच तुझं हत्यार. वकिलाला किंवा बँकेतल्या माणसाला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मनगट झाकता येतं. तुला रुग्णाला हात लावायचा तर बाह्या कोपराच्या वर घ्याव्या लागतात, ते स्वच्छतेसाठी आवश्यकच आहे. म्हणजे तू म्हणतेस त्या जागी टॅटू असेल तर तो तुझ्या प्रत्येक रुग्णाला रोज दिसणार. बहुतेकांना त्याचं काही वाटणार नाही. काही वयस्कर रुग्ण मनातल्या मनात नापसंती दाखवतील आणि तुझ्या हाताला गुण आला की विसरतील. त्याची मला फारशी काळजी नाही. मुलाखतीत एखादं रुग्णालय नाही म्हणेल, आणि कारण कधीच सांगणार नाही. ही शक्यता धरून चाल, कारण असे नियम फारसे लिहिलेले नसतात, आणि जे लिहिलेले नसतात त्यांच्याशी भांडता येत नाही.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे, आणि तिचा तू बहुधा विचार केलेला नसशील. तू चित्र काढून घेत नाहीयेस, अक्षरं काढून घेतेयस. फूल लोक बघतात आणि पुढे जातात. अक्षरं वाचतात. गुडघा दुखतोय म्हणून आलेला माणूस अर्धा तास तुझ्यासमोर असणार, आणि तो वाचणार, "पोचल्यावर कळव". मग विचारणार, "हे काय लिहिलंय? कुणी लिहिलंय?" लिफ्टमधला अनोळखी माणूस विचारेल, बसमध्ये शेजारी बसलेली बाई विचारेल. त्यात वाईट हेतू काही नसेल. पण प्रत्येक वेळी तुला आजीबद्दल सांगावं लागेल, किंवा न सांगण्याचं काहीतरी निमित्त शोधावं लागेल. आपली आठवण कुणाला सांगायची हे आज तू ठरवतेस. तो अक्षरांचा टॅटू उघड्या जागी आला की ते समोरचा ठरवेल. आणि एखाद्या दिवशी, ज्या दिवशी तुला तिची फार आठवण येत असेल, त्या दिवशीही कुणीतरी सहज विचारून जाईल.

कदाचित तुला हेच हवं असेल. तिच्याबद्दल बोलायला मिळावं, तिचं नाव निघत राहावं, असंही दुःख असतं. आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत कैद्यांच्या हातावर जबरदस्तीने क्रमांक गोंदवत. त्यातून वाचलेल्या काहींच्या नातवंडांनी तोच क्रमांक मोठेपणी आपल्या हातावर गोंदवून घेतला आहे, लोकांनी विचारावं आणि आपण सांगावं म्हणूनच. काही घरांत आजी-आजोबांना ते पाहून बरं वाटलं, काहींना सहन झालं नाही. आपली गोष्ट त्या जातीची अजिबात नाही, पण जवळच्या माणसाची खूण अंगावर घेण्याचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला वेगळा लागतो, एवढं त्यातून कळतं. म्हणून मीही सांगून ठेवते. तू हात पुढे करून मला पाणी देशील आणि त्यावर माझ्या आईचं अक्षर दिसेल, तेव्हा मला काय वाटेल हे मला आज माहीत नाही. तू त्याची तयारी ठेव, मीही ठेवते.

माझी सूचना अशी आहे की जागा बदल. दंडाच्या आतल्या बाजूला, खांद्याखाली, बरगडीवर, जिथे कपडा येतो आणि जिथून तो तुझ्या मर्जीने बाजूला होतो, तिथे घे. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेला तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस तुला आठवत असेल. त्याच्या अंगावर गोंदलेल्या ६१ खुणा आहेत, बहुतेक साध्या रेघा. कितीतरी कमरेपाशी, गुडघ्याजवळ, घोट्यांवर, झिजलेल्या सांध्यांच्या आसपास आहेत, म्हणून त्या दुखण्यावरचा इलाज असाव्यात असं अभ्यासकांना वाटतं. कमरेमागच्या खुणा तर त्याला स्वतःलाही दिसत नसणार. मला हे फार आवडतं. अंगावरची खूण दुसऱ्याला दाखवण्यासाठीच असावी असं काही नाही, हे माणसाला किती आधीपासून माहीत होतं.

शरीराचा भाग तू माझ्यापेक्षा जास्त शिकली आहेस, तरी मी जे वाचलं ते लिहिते, कारण त्याने माझं एक मत पक्कं झालं. सुई शाई वरच्या त्वचेत सोडत नाही, खालच्या थरात सोडते. वरची त्वचा झडून नवी येत राहते, तिथली शाई टिकलीच नसती. खालच्या थरातल्या संरक्षक पेशी ते कण गिळतात, पण त्यांना ते मोडता येत नाहीत. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं की अशी पेशी मेली की तिने सोडलेले कण नवी पेशी उचलते. म्हणजे टॅटू कायमचा राहतो तो शरीर त्याला पुन्हा पुन्हा धरून ठेवतं म्हणून. आणि तरी तो जसाच्या तसा राहत नाही. वर्षं जातील तशा रेघा जाड आणि धूसर होतात, उन्हाने फिक्या पडतात. आजीचं अक्षर बारीक होतं. तिच्या "ळ"च्या आतली मोकळी जागा, "ल्या"मधली जोडणी, हे फार लहान काढलंस तर काही वर्षांनी भरून जाईल आणि वाचता येणार नाही. मोठं काढ. मनगटापेक्षा बरगडीवर जागाही जास्त आहे.

गोंदवणाऱ्याला देवनागरी वाचता येत असेल तर उत्तमच. नसेल तर कातडीवर आधी उठवलेला आराखडा सुई लागण्यापूर्वी स्वतः वाच आणि सोबत मैत्रिणीलाही वाचायला लाव. एक मात्रा सुटली तर खोडरबर नाही. लेझरने काढता येतो म्हणतात, पण त्याला अनेक बैठका लागतात, मध्ये कित्येक आठवडे थांबावं लागतं, दुखतं, आणि पुसट सावली मागे राहू शकते. काळी शाई त्यातल्या त्यात नीट निघते, पिवळी आणि पांढरी त्रास देतात. रंगांचा मोह नकोच, विशेषतः लाल रंगाचा, ॲलर्जी त्यानेच जास्त येते. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदण्याच्या शाईतल्या सुमारे ४००० रसायनांवर निर्बंध आणले. म्हणून शाई कुठली आहे, बाटलीवर काय लिहिलंय, हे विचारायला संकोच करू नकोस. सुई तुझ्यासमोर पाकिटातून काढलेली हवी, शाई नव्या कपात ओतलेली हवी, हातमोजे नवे हवेत. हिपॅटायटिस काय असतो ते मी तुला सांगायला नको. आणि कान टोचले तेव्हा तुझ्या पाळीमागे जाड गाठ आली होती, ती डॉक्टरांना दाखवून केलॉइडची, म्हणजे जखमेचा व्रण वाढून जाड गाठ होण्याची, प्रवृत्ती आहे का ते आधी विचार. असेल, तर हा विषय तिथेच संपला. त्यावर मी तुझं काहीही ऐकणार नाही.

अजून एक. हा टॅटू आजीचा आहे म्हणून मी इतकं लिहिलं. एखाद्या मुलाचं नाव असतं तर मी सरळ नको म्हटलं असतं, तो कितीही चांगला असला तरी. जिवंत माणसं बदलतात, त्यांच्याशी असलेलं नातंही बदलतं, आणि ते बदलायला जागा असावी. आजीशी तुझं जे होतं ते आता बदलणार नाही.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. ते तू स्वतः सांग, आणि करून आल्यावर नको, आधी सांग. ते दोन दिवस बोलणार नाहीत आणि मग जागा कुठली, जखम भरायला किती दिवस लागतात, असं एकेक विचारायला लागतील. काका-आत्यांना सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव. झाकलेल्या जागी असेल तर सांगण्याची गरजही नाही.

ठरवलंसच तर परीक्षेनंतर ठरव. जखम भरेपर्यंत पोहणं बंद ठेवावं लागेल आणि उन्हापासून जपावं लागेल. आणि तू नियमित रक्तदान करतेस, तर टॅटूनंतर काही देशांत चार महिने, काही ठिकाणी वर्षभर रक्त घेत नाहीत. तेव्हा आधी रक्त देऊन ये, मग गोंदवायला जा.

तुझी,
आई