'हँगमन्स हाउस' या मूकपटाची कापलेली प्रत विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

दिग्दर्शक जॉन फोर्ड यांचा 'हँगमन्स हाउस' (१९२८) मी आपल्या ॲपवरून विकत घेतला. जाहिरातीत 'संपूर्ण प्रत' असे म्हटले आहे. मिळालेली प्रत मात्र वरून-खालून कापलेली आहे.

मूळ चौकटीचे रुंदी-उंचीचे प्रमाण ४:३. १६:९चा पडदा काठोकाठ भरावा म्हणून आपण चित्राची चौथाई उंची छाटलीत. त्याचा सर्वांत मोठा फटका आयर्लंडमधल्या त्या घोड्यांच्या शर्यतीला बसला आहे. वडिलांच्या हट्टापायी नायिका कॉनॉटचे लग्न डार्सीशी झालेले, आणि तिच्यावर जीव असलेला डर्मॉट ऐनवेळी तिच्या घोड्यावर स्वार होतो. सगळी कथा इथे एकवटते. आपल्या प्रतीत घोडा अडथळ्यावरून झेपावतो तेव्हा कधी स्वाराचे डोके नाही, कधी टापा नाहीत! संवाद लिहिलेल्या पाट्यांच्याही वरच्या-खालच्या ओळी गेल्या आहेत. मूकपटात पाटी गेली की संवादच गेला, हे चित्रपट विकणाऱ्यांना मी सांगायला हवे का?

घोडा जिंकतो, आणि चिडलेला डार्सी त्याला गोळी घालतो. शर्यतीला लावलेले तेच धावते संगीत इथेही चालू राहते. हे पाहवले नाही.

आणखी एक. आपल्या पोस्टरवर पुढे प्रसिद्ध झालेले नट जॉन वेन यांचा मोठा चेहरा आहे. ते या चित्रपटात शर्यतीच्या गर्दीतले एक प्रेक्षक आहेत. उत्साहाच्या भरात कुंपण मोडतात. भूमिका अगदी छोटी आहे. श्रेयनामावलीत त्यांचे नावही नाही. व्हिक्टर मॅक्लॅग्लन आणि जून कॉलियर यांनी चित्रपट पेलला, त्यांचा मात्र पोस्टरवर पत्ता नाही. ही सरळ दिशाभूल आहे.

आपल्या प्रतिनिधीने 'टीव्हीची सेटिंग तपासा' असे कळवले. लॅपटॉपवरही चित्र तसेच कापलेले दिसते. स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

मला पूर्ण चौकटीची प्रत द्यावी, अन्यथा सर्व रक्कम परत करावी. पोस्टर आणि 'संपूर्ण प्रत' हे शब्दही ताबडतोब काढावेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

आपला ग्राहक,
पुणे

सोबत : पावती, स्क्रीनशॉट